पदकाआधीची अकरा वर्षे

२८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धांचे उद्‌घाटन झाले. त्या संचलनात भारताचा ध्वज ज्या दोघांच्या हाती देण्यात आला होता, त्यांपैकी एक होते हरियाणाचे भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसऱ्या होत्या नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील होनवडज या गावच्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. मराठवाड्याच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोळाफेकीची अंतिम फेरी झाली, श्रीमती जाधव यांना पाचवे स्थान मिळाले आणि त्यांच्याविषयीची चर्चा जवळजवळ थांबली. पदक मिळाले तर मिरवणूक आणि न मिळाले तर मौन, ही आपल्याकडील रीतच आहे. वस्तुतः विचार करण्याजोगा विषय या मौनापाशीच सुरू होतो.

श्रीमती जाधव यांच्या क्रीडाजीवनाचा आलेख प्रथम पाहणे योग्य ठरेल. त्यांचा जन्म १९८५ चा. २००६ मध्ये विषबाधेमुळे त्यांच्यावर जिवावरचा प्रसंग ओढवला आणि त्यातून त्या वाचल्या तेव्हा पायांतील बळ गेलेले होते. २०१७ मध्ये पुण्यातील एका स्पर्धेपासून त्या मैदानावर आल्या. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस होते. ज्या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात त्यांनी आरंभ केला. त्यानंतरच्या चार वर्षांत त्या टोकियो पॅरालिम्पिकपर्यंत पोहोचल्या. २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत सात मीटरची फेक करून त्यांनी सातवे स्थान मिळविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत ७.५४ मीटरच्या फेकीने त्यांना रौप्यपदक मिळाले. मे २०२४ मध्ये जपानमधील कोबे येथे जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेत ७.५६ मीटरच्या फेकीने पुन्हा रौप्य. पॅरिसमध्ये ७.२८ मीटर आणि पाचवे स्थान. सात वर्षांत शून्यापासून जागतिक रौप्यपदकापर्यंतची ही वाटचाल कोणत्याही मोजमापाने असामान्य म्हणावी लागेल.

परंतु या आलेखातील सर्वांत बोलका आकडा मीटरचा नाही, वर्षांचा आहे. २००६ ते २०१७ ही अकरा वर्षे. आपल्यासारख्या शरीराच्या माणसासाठीही एक खेळ आहे, त्याला नियम आहेत, त्याच्या जागतिक स्पर्धा होतात, ही माहिती ग्रामीण मराठवाड्यातील एका तरुण स्त्रीपर्यंत वेळेवर पोहोचविण्याची जबाबदारी त्या काळात कोणाची होती? दवाखाना उपचार करून मोकळा होतो, समाजकल्याण खाते प्रमाणपत्र देऊन मोकळे होते, क्रीडा खाते धडधाकट मुलामुलींच्या स्पर्धा भरवून मोकळे होते. या तिन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेत माणसाची उमेदीची वर्षे निघून जातात. बत्तिसाव्या वर्षी आरंभ करून जी स्त्री जागतिक रौप्य मिळविते, ती बाविसाव्या वर्षी आरंभ करती तर कोठे पोहोचली असती, हा प्रश्न कल्पनाविलासाचा नसून हिशेबाचा आहे.

खेळ आणि त्याची यंत्रणा

बसून करावयाची गोळाफेक हा प्रकार सामान्य वाचकाला फारसा परिचित नसतो. उभ्याने गोळा फेकणाऱ्या खेळाडूची निम्मी ताकद पायांतून येते. २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात तो मागे सरकून किंवा गिरकी घेऊन गती मिळवितो आणि ती गती कमरेतून खांद्याकडे आणि खांद्यातून बोटांकडे जाते. बसून फेकणाऱ्या खेळाडूला ही सोयच नाही. लोखंडी चौकटीच्या एका उंच आसनावर तिला पट्ट्यांनी बांधून बसविले जाते. गादीसह त्या आसनाची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. आसन जमिनीशी घट्ट जखडलेले असते. एका हाताने उभा दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने गोळा ढकलायचा. फेकीच्या वेळी आसनावरून उठल्यास फेक बाद ठरते. धडाचा पीळ, खांदा, मनगट आणि दांड्यावरील पकड यांवरच सारे अवलंबून असते. महिलांच्या खुल्या गटात गोळा चार किलोचा असतो, तर श्रीमती जाधव यांच्या एफ-३४ या गटात तीन किलोचा.

एफ-३४ म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. मेंदूशी संबंधित विकारामुळे किंवा इजेमुळे ज्यांच्या स्नायूंत ताठरपणा किंवा हालचालींत असंतुलन आलेले असते, अशा खेळाडूंचे गट ३१ पासून ३८ पर्यंत केलेले असतात. पहिल्या चार गटांतील खेळाडू बसून फेकतात, उरलेले उभ्याने. कोणत्या गटात कोणाला घ्यावयाचे, हे तज्ज्ञांचे मंडळ तपासणी करून ठरविते. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी येथे उपयोगी पडत नाही. हे वर्गीकरण चुकले किंवा अपुरे राहिले तर सारी मेहनत व्यर्थ जाते. टोकियो येथे भारताचे विनोद कुमार यांनी थाळीफेकीत कांस्यपदकाचे स्थान मिळविले होते, परंतु त्या गटासाठी त्यांची पात्रताच ठरविता आली नाही आणि निकाल रद्द झाला. तात्पर्य, या खेळात बाहुबळाइतकेच महत्त्व माहितीला, कागदपत्रांना आणि योग्य वेळी योग्य सल्ला मिळण्याला आहे. नेमक्या याच गोष्टी तालुक्याच्या गावी दुर्मिळ असतात.

स्पर्धा किती कठीण आहे, याचाही विचार व्हावा. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ठिकाणी या गटाचे सुवर्णपदक चीनच्या झोऊ लिजुआन यांनी नऊ मीटरपलीकडे गोळा फेकून मिळविले. सात आणि नऊ मीटरमधील हे अंतर जिद्दीने कापता येईल, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात ते अंतर बालवयापासूनची निवड, पूर्णवेळ प्रशिक्षण, आहार आणि वैद्यकीय देखरेख यांचे असते. ज्या देशाने ही यंत्रणा आधी उभी केली, त्याचे खेळाडू पुढे आहेत, यात आश्चर्य काय?

एका उपेक्षित खेळाचा इतिहास

मुळात महिलांची गोळाफेक हा खेळच आपल्याकडे उपेक्षित राहिला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची गोळाफेक १८९६ पासून आहे, महिलांची मात्र १९४८ मध्ये आली. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, त्यांत बार्बरा वेबस्टर यांनी भारताला या प्रकारात कांस्यपदक मिळवून दिले. त्यानंतरचे पदक येण्यास बहात्तर वर्षे लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौ येथे किरण बालियान यांनी १७.३६ मीटरच्या फेकीने कांस्यपदक मिळविले, तेव्हा कुठे हा दुष्काळ संपला. दिव्यांग महिलांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला दीपा मलिक या गोळाफेकपटूच होत. २०१६ मध्ये रिओ येथे त्यांनी ४.६१ मीटरच्या फेकीने रौप्यपदक मिळविले. ज्या खेळात धडधाकट महिलांना आशियाई पदकासाठी सात दशके थांबावे लागले, त्याच खेळात दिव्यांग महिलांनी जागतिक पातळीवर स्थान मिळविले, ही घटना पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

एकंदर पॅरा खेळांतील भारताची प्रगतीही लक्षणीय आहे. रिओ येथे चार पदके, टोकियो येथे एकोणीस, पॅरिस येथे एकोणतीस. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सांगली जिल्ह्याचे सचिन खिलारी यांनी पॅरिसमध्ये गोळाफेकीतच १६.३२ मीटरच्या फेकीने रौप्यपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांनी तर १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळवून भारताचे पॅरालिम्पिकमधील खाते उघडले होते. म्हणजे गुणवत्तेची परंपरा या मातीत आहे. नाही ती गुणवत्ता शोधण्याची व्यवस्था.

जोखीम कोणी उचलायची?

या प्रश्नाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर एक विसंगती स्पष्ट दिसते. खेळाडू घडण्यास आठ-दहा वर्षे लागतात. त्या काळात खर्च सतत होत असतो आणि फळाची शाश्वती नसते. शंभर मुली गोळा हाती घेतील तेव्हा त्यांतील एखादी राष्ट्रीय स्तरावर जाईल. अशा अनिश्चित फळाच्या उद्योगात जोखीम मोठ्या खांद्यांवर वाटली गेली पाहिजे, हे साधे तत्त्व आहे. विमा आणि सहकारी संस्था यांचा पायाच मुळी तो आहे. आपल्याकडे मात्र आरंभीची सारी जोखीम त्या मुलीच्या कुटुंबाने, म्हणजे सर्वांत दुबळ्या खांद्याने, उचलायची असते आणि यश निश्चित झाल्यावर शासन थैली घेऊन पुढे येते. पॅरिसमधील पदकांबद्दल महाराष्ट्र शासनाने सचिन खिलारी यांना तीन कोटी, तर नेमबाज स्वप्निल कुसाळे यांना दोन कोटी रुपये जाहीर केले. ते दोघेही त्या गौरवास सर्वथैव पात्र आहेत. त्याविषयी कुरकुर करण्याचे कारण नाही. परंतु बक्षीस हे झालेल्या कष्टांची परतफेड असते, ती गुंतवणूक नव्हे. केंद्र शासनाने २०१४ पासून सुरू केलेली ‘टॉप्स’ योजनाही, तिच्या नावाप्रमाणेच, पदकाच्या टप्प्यात आलेल्या खेळाडूंसाठी आहे. शिखरापाशी सावली पुष्कळ आहे, पायथा मात्र उन्हात आहे.

ही स्थिती आजची नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशावर तेथवर गेले होते. ही कथा आपण गेली सात दशके गुरूच्या औदार्याची म्हणून सांगत आलो. ती औदार्याची आहेच. परंतु शिक्षकाला घर गहाण ठेवावे लागते, ही त्या काळच्या व्यवस्थेवरील टीकाही आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आजही एखादा शिक्षक, एखादा मानलेला भाऊ, एखादा दानशूर व्यापारी भेटला तर खेळाडू घडतो आणि न भेटला तर त्याचे नावही कोणाला कळत नाही. योगायोगावर चाललेल्या कारभाराला धोरण म्हणता येत नाही.

हिमायतनगरची कसोटी

धोरणाची खरी परीक्षा पुण्याच्या बालेवाडीत होत नाही, ती हिमायतनगरसारख्या ठिकाणी होते. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेला मुखेड आहे आणि ईशान्येला हिमायतनगर. जुने नाव वाढोणा, परमेश्वराच्या मंदिरामुळे परिचित असलेले, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हे तालुक्याचे गाव. पलीकडे पैनगंगा आणि विदर्भ. कापूस, सोयाबीन आणि मजुरी यांवर येथील बहुसंख्य कुटुंबांचा संसार चालतो. या तालुक्यातील एखाद्या वाडीतल्या दिव्यांग मुलीने उद्या गोळा फेकायचे ठरविले, तर तिने नेमके कोठे जावे? तालुका, जिल्हा आणि विभाग अशा तिन्ही स्तरांवर क्रीडासंकुले उभारण्याचे धोरण महाराष्ट्राने या शतकाच्या आरंभीच स्वीकारले. कल्पना उत्तम होती. परंतु संकुल म्हणजे इमारत, अशी समजूत झाली की कुंपण आणि कमान प्रथम उभी राहते आणि प्रशिक्षक शेवटी येतो, किंवा येतच नाही.

वास्तविक गोळाफेक हा गरिबाला परवडणारा खेळ आहे. त्याला हिरवळ लागत नाही, कृत्रिम धावपट्टी लागत नाही. सिमेंटचे एक वर्तुळ, पुढे मोकळी जमीन, वेगवेगळ्या वजनांचे काही गोळे आणि लोखंडी नळ्यांचे एक आसन एवढी सामग्री पुरते. नियमांतील मापे हाती दिली तर असे आसन तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानातही तयार होऊ शकते. महाग असते ते दुसरेच. माहीतगार प्रशिक्षकाचा वेळ, पौष्टिक आहार, खांद्याच्या दुखण्यावर वेळीच उपचार आणि प्रवास. त्यातही दिव्यांग मुलीबरोबर सोबतीला कोणीतरी लागते, म्हणजे एका स्पर्धेसाठी दोघांचे भाडे आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे झाले, हे चांगलेच झाले. पण भाडे निम्मे झाले तरी गाडीच्या पायऱ्यांची उंची तेवढीच राहिली आहे.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले, शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण दिले आणि क्रीडाविषयक सोयींसाठी स्वतंत्र कलमच घातले. गुणवंत खेळाडूंसाठी राज्याच्या नोकऱ्यांत पाच टक्के राखीव जागा २००५ पासून आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या सुमारे एकोणतीस लाख साठ हजार होती. एवढ्या मोठ्या समूहातून एखादी भाग्यश्री जाधव पुढे येते, तेव्हा तिच्या कर्तृत्वाला नमस्कार करावाच, पण उरलेल्या लाखोंपर्यंत कायद्याचे ते कलम का पोहोचले नाही, हेही विचारावे.

आक्षेपांचा विचार

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, जेथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओरड असते, तेथे गोळाफेकीची चर्चा म्हणजे चैन होय. हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत खेळ ही केवळ करमणूक नसते. बळकट खांदे, घराबाहेर पडण्याचा आत्मविश्वास, स्वतःच्या नावाची ओळख आणि पुढे नोकरीची शक्यता या साऱ्यांचा मार्ग खेळातून जातो. घराच्या कोपऱ्यात बसून राहिलेल्या माणसाची किंमतही समाज मोजतच असतो. ती फक्त अंदाजपत्रकात दिसत नाही, त्या घरातील आईच्या किंवा बहिणीच्या बुडालेल्या दिवसांत दिसते. शिवाय येथे मागणी कोट्यवधींच्या क्रीडानगरीची नाही, एका वर्तुळाची आणि एका पगारी माणसाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. भाग्यश्री जाधव यांनी काही नसताना करून दाखविलेच ना, मग जिद्द असेल त्याला व्यवस्थेची गरज काय, असे म्हटले जाते. सत्कारसमारंभांतील बहुतेक भाषणांचा सूर हाच असतो. हा युक्तिवाद स्तुतीच्या वेषात येतो म्हणून अधिक घातक आहे. अपवादाचे कौतुक करून नियमाकडे दुर्लक्ष करण्याची ती एक सभ्य पद्धत आहे. पुरातून एक जण पोहून बाहेर आला, म्हणून पुलाची आवश्यकता संपत नाही. श्रीमती जाधव यांना ‘प्रेरणास्थान’ म्हणून भिंतीवर लावणे सोपे आहे. त्यांचा अनुभव पुढील मुलींच्या उपयोगी पडेल अशी योजना आखणे कठीण आहे, आणि म्हणूनच ते करण्याजोगे आहे.

काय करता येईल?

या संदर्भात काही गोष्टी तातडीने आणि थोड्या खर्चात करण्याजोग्या आहेत. प्रत्येक तालुका क्रीडासंकुलात बसून फेकण्याचे एक आसन आणि त्यासाठीचे वर्तुळ असलेच पाहिजे, असा नियम व्हावा. जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देतानाच त्या व्यक्तीला कोणकोणते खेळ खेळता येतील, याची लेखी माहिती द्यावी आणि तिचे नाव तिच्या संमतीने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे कळवावे. अकरा वर्षांचे अंतर कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. वर्षातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी वर्गीकरणाची प्राथमिक तपासणी करणारे शिबिर भरवावे. मैदानावर नियमित येणाऱ्या दिव्यांग मुलीला आणि तिच्या सोबतिणीला, पदकाची अट न घालता, प्रवासखर्च आणि लहानशी मासिक वृत्ती द्यावी. एका पदकाच्या बक्षिसाची रक्कम जेवढी असते, तेवढ्यात अशा कितीतरी मुलींची कित्येक वर्षांची सोय होईल, हे कोणीही कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहावे.

सर्वांत मोठा वाटा मात्र शाळांचा आहे. खेळाच्या तासाला वर्गातच बसून राहणारी मुलगी जवळजवळ प्रत्येक शाळेत असते. तिला सूट देण्यात आपण दया केली, असे शिक्षकांना प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात ती सूट म्हणजे बहिष्काराचेच सौम्य रूप असते. तालुका पातळीवरील शालेय स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत तिच्यासाठी एखादा प्रकार आहे काय, याची चौकशी प्रत्येक मुख्याध्यापकाने यंदाच करावी, आणि नसल्यास तो घालण्याची लेखी मागणी करावी. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पॅरिसमधील ७.२८ मीटर ही पराभवाची नोंद नाही. होनवडजसारख्या खेड्यातून निघालेली स्त्री बत्तिसाव्या वर्षी आरंभ करूनही किती लांब जाऊ शकते, याचे ते माप आहे. त्यापुढील अंतर एकट्या श्रीमती जाधव यांनी कापावे, अशी अपेक्षा न्याय्य नाही. हिमायतनगरच्या, किनवटच्या, देगलूरच्या एखाद्या मुलीच्या हाती तीन किलोचा गोळा बत्तिसाव्या वर्षाऐवजी बाराव्या वर्षी पडावा, एवढी व्यवस्था जरी जिल्ह्याला करता आली, तरी ध्वज हाती धरणाऱ्या स्त्रीचा खरा सन्मान झाला असे म्हणता येईल.